हँडेलने सांगून घडवलेला ऑर्गन: ब्रिटनच्या संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय संस्कृती मंत्री, युनायटेड किंगडम यांस,
स. न. वि. वि.

मी मिडलंड्समध्ये राहतो. ऑर्गनशी माझी ओळख मराठी नाट्यसंगीतातली: पायाने भाता मारायचा आणि रीड बोलायची. वॉरिकशायरमधल्या ग्रेट पॅकिंग्टनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये आहे तो मात्र नळ्यांचा ऑर्गन, आणि तो चर्चसाठी घडवलेलाच नव्हता.

लेस्टरशायरच्या गोप्सल हॉलमध्ये राहणाऱ्या चार्ल्स जेनन्सला (संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनरचनेची संहिता जुळवणारा तो हाच) घरात ऑर्गन हवा होता. हँडेलने ३० सप्टेंबर १७४९च्या पत्रात त्याला एकेक स्टॉप, म्हणजे एका जातीच्या आवाजाचा नळ्यांचा संच, लिहून कळवला. स्वरपट्ट्यांची ओळ एकच, आणि रीडचे स्टॉप मुळीच नकोत, कारण ते सारखे सुरात लावावे लागतात! हे कुठल्याही पेटीवाल्याला लगेच पटेल. वाद्य बांधलं थॉमस पार्करने.

जेनन्स १७७३मध्ये वारला. पुढे ऑर्गन अर्ल ऑफ एल्सफर्ड या त्याच्या नातलगांकडे गेला आणि त्यांच्या पॅकिंग्टनच्या जमिनीवरच्या चर्चमध्ये बसवला गेला. गोप्सल हॉल १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला. त्याच दशकात ऑर्गनवादक ई. पॉवर बिग्स यांनी एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखालच्या वाद्यवृंदासोबत हँडेलच्या ऑर्गन रचना याच ऑर्गनवर ध्वनिमुद्रित केल्या. वाडा गेला, वाद्य वाचलं, ते केवळ आधीच हलवलं होतं म्हणून.

हे योगायोगावर सोडू नका, एवढंच माझं मागणं आहे. आज कायदा संरक्षणासाठी यादी करतो ती ऐतिहासिक इमारतींची. ऑर्गनला संरक्षण मिळतं ते त्या इमारतीचा भाग म्हणून, नाहीतर चर्चच्या परवानगीच्या नियमांतून. ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ ऑर्गन स्टडीज ऐतिहासिक ऑर्गनना श्रेणीची प्रमाणपत्रं देते, पण त्यांना कायद्याचं बळ नाही. ते द्या. एखादं घर किंवा चर्च बंद होणार असेल, तर आतल्या नोंदलेल्या ऑर्गनला नवं घर शोधण्यापुरती सक्तीची मुदत ठेवा, आणि तो नीट सोडवून पुन्हा उभारण्याच्या खर्चात सरकारचा वाटा असू द्या. ऑर्गन उतरवणं हे हमालाचं काम नाही. प्रत्येक नळीचा आवाज त्या त्या जागेत कानाने जुळवावा लागतो, आणि ते जाणणारे कारागीर थोडे आहेत.

निर्णय घेण्याआधी पॅकिंग्टनला जाऊन तो ऑर्गन ऐका, ही विनंती.

आपला,
मिडलंड्समधला एक मराठी श्रोता