भरतीला शाळेची घंटा ऐकू येत नाही

संपादक महोदय,

किनाऱ्यावरच्या शाळांनी मुलांना वर्गाबाहेर काढून समुद्राकडे न्यावे, असा आग्रह धरणारा कालचा लेख वाचला. न्यावेच. फक्त निघण्याआधी समुद्राची वेळ विचारून घ्यावी.

माझ्या नातीच्या शाळेने अशी सहल काढली होती. वेळ सकाळी 11ची, कारण बस तेव्हाच मोकळी होती. नेमकी तेव्हा भरती पुरी झालेली. खडक, त्यांतली डबकी, समुद्रफुले, खेकडे, सगळे पाण्याखाली. मग मुलांनी बांधावर बसून ‘मी पाहिलेले पाच जीव’ हा तक्ता पुस्तकात बघून भरला. नातीच्या तक्त्यात तारामासा आहे. तिने तो अजून पाहिलेला नाही.

तिच्या वर्गात मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, आता काय दिसणार? पाच वाजता या, सगळं उघडं पडेल.’ त्याला रांगेत नीट उभे राहायला सांगण्यात आले! एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ 50 मिनिटांनी पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी लांबवर जाते, अष्टमीच्या भांगात फारसे हटत नाही. भूगोलाच्या पेपरात यावर प्रश्न येतो. सहलीची तारीख ठरवताना मात्र भूगोलाचे पुस्तक कपाटात.

पर्यावरण शिक्षणात प्रत्यक्ष अनुभवावर भर हवा, हे 1977 साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरी भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत सांगून झाले. आमच्याकडे अनुभव म्हणजे बांधावरचा ग्रुप फोटो.

निघताना ‘आठवण म्हणून’ शंख-शिंपले गोळा करायला लावले. नातीच्या एका शंखात खेकडा होता. तिसऱ्या दिवशी दप्तराला वास सुटला तेव्हा कळले. रिकामे शंखसुद्धा बेवारस नसतात हो. या खेकड्यांचे पोट मऊ, ते शंखातच बिऱ्हाड करतात आणि अंग वाढले की मोठा शंख शोधत फिरतात. वर्गभर पोरांनी पिशव्या भरभरून त्यांची घरे उचलून आणली आणि त्याला प्रकल्पवहीत 10पैकी 9 गुण मिळाले.

आणखी एक. आपल्या दैनिकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा येत. त्या कोपऱ्यात हल्ली राशिभविष्य असते. त्या दिवशी नातीच्या राशीला ‘प्रवास टाळावा’ असे होते. शाळेने निदान तेवढे तरी वाचायला हवे होते.

– एक आजोबा