शिरोलीच्या फौंड्रीतून एका नेटवर्कवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण आमच्या फौंड्रीचं नेटवर्क कमी खर्चात क्लाउडवर नेऊन दिल्याबद्दलचे आभार चारचौघांतच मानायचे होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात कितीतरी कारखाने ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर) न्यायच्या विचारात आहेत, आणि आमच्यासारखंच एखादं जाडजूड कोटेशन त्यांच्याही टेबलावर पडलेलं असणार.

आमच्याकडं हा विषय निघाला पुरामुळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक बंद झाली. सर्व्हर एका बाजूला आणि अकाउंट्सची माणसं दुसऱ्या बाजूला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मालकांनी सर्व्हर हलवायचं ठरवलं तेव्हा एका पुरवठादारानं प्रस्ताव दिला: थेट क्लाउडपर्यंत स्वतंत्र लाइन, नको ती ये-जा अडवणारे महागडे फायरवॉल, अनेक नेटवर्क एकत्र जोडणारा ट्रान्झिट गेटवे, सगळा लवाजमा. वर्षाचा आकडा बघून मालकांनी फाइल खणात टाकली.

तुम्ही आलात आणि ती फाइल मागितलीसुद्धा नाही. "मी बघतो की सगळं. आधी मला सांगा, कोण कुणाशी बोलतंय?" एवढंच म्हणालात, आणि आम्हाला यादी करायला बसवलंत. वजनकाटा ईआरपीला वजन पाठवतो. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातू तपासणाऱ्या यंत्राचा, संगणक प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) केमिस्ट्री पाठवतो. डिस्पॅचवाले बारकोड मारतात. टॅली रात्री एकदा डेटा उचलते. ऑडिटरला फक्त रिपोर्ट लागतात. खरं सांगतो, त्या दिवशी मला ते हजेरी घेतल्यासारखं वाटलं होतं. पण स्पेक्ट्रोच्या त्या म्हाताऱ्या विंडोजला इंटरनेट कशासाठी दिलंय, या प्रश्नाला अख्ख्या कारखान्यात कुणाकडंच उत्तर नव्हतं, तेव्हा विषय डोक्यात शिरला. यादीत नाही तो रस्ता बंद. सुरक्षा आणि काटकसर या दोन्ही गोष्टी तुम्ही त्या एकाच कागदातून काढल्यात.

सगळ्यात रटाळ काम तुम्ही सगळ्यात आधी करून घेतलंत, ते म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांचे पत्ते बदलणं. शिरोलीत १९२.१६८.१, गोकुळ शिरगावातही १९२.१६८.१, कारण राउटर खोक्यातून जसा निघाला तसाच लावलेला. दोन्हीकडं एकच पट्टा असला की डेटाच्या पाकिटानं जायचं कुठं? शिरोलीला १०.२०, गोकुळ शिरगावला १०.३०, क्लाउडला १०.५० असे वेगळे पट्टे पाडलेत. प्रिंटरचे पत्ते बदलताना ऑफिसातल्यांनी जो शिमगा केला, तो तुम्ही हसत ऐकून घेतलात.

मग क्लाउडची रचना. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या गटात) एकच व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क. बाहेरून दिसतो तो फक्त लोड बॅलन्सर, आलेलं काम सर्व्हरांत वाटून देणारा. ॲप्लिकेशनचे सर्व्हर खासगी सबनेटमध्ये, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या कप्प्यात, आणि डेटाबेस त्याच्याही मागं. डेटाबेसचं १४३३ पोर्ट, म्हणजे त्याचं दार, ॲप्लिकेशन सोडून कुणालाच उघडं नाही. लांबून संगणक चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर ठेवायचं नाही म्हणजे नाही. "डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले हेच दार आधी वाजवतात," म्हणालात. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस कुरकुरला, तरी तुम्ही त्याला ॲमेझॉनच्या सेशन मॅनेजरमधून, म्हणजे पोर्ट न उघडता आत यायच्या सोयीतून, मोबाइलवरच्या कोडसह आत यायला लावलंत.

खर्चाचं तर विचारूच नका. व्हीपीसी एकच असताना ट्रान्झिट गेटवे कशाला, त्याला प्रत्येक जोडणीमागं तासाचं भाडं पडतं, मग त्यावरून डेटा जावो न जावो. खासगी सर्व्हरना बाहेर जायची वाट देणाऱ्या नॅट गेटवेलाही तासाचं भाडं, वर प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे. आणि आमचा रात्रीचा बॅकअप नेमका त्यातूनच एस-थ्रीला, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइलींच्या गोदामात, जाणार होता. तुम्ही तिकडं थेट आतून जाणारा गेटवे एंडपॉइंट लावलात, ज्याला पैसेच पडत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट घेते, म्हणून विनाकारण घेतलेले पत्तेही परत केलेत. कास्टिंगच्या एक्स-रेच्या फाइली कारखान्यातच ठेवल्या, कारण क्लाउडमध्ये डेटा चढवणं फुकट असलं तरी उतरवताना मीटर पडतो. टेस्ट सर्व्हर रात्री बंद. बॅकअपची एक प्रत मात्र हैदराबाद रीजनमध्ये ठेवायची, तिथं हात आखडायचा नाही, हे तुम्ही मालकांना ठणकावून सांगितलंत.

आणि ती स्वतंत्र लाइन? तिच्या जागी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, एक फायबर आणि एक रेडिओ, आणि दोन्हींवरून आयपीसेक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा. बीजीपी या रस्ता निवडायच्या पद्धतीमुळं एक लाइन पडली की वाहतूक आपोआप दुसरीवर जाते. हे तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत. महिनाअखेरीला, डिस्पॅच जोरात असताना, फायबरची वायर स्वतः ओढलीत! माझ्या पोटात गोळा आला. बारकोड क्षणभर अडखळला आणि चालू झाला. डिस्पॅचच्या मामांना काही कळलंच नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. जाताना तुम्ही सगळे पासवर्ड, नकाशा आणि प्रत्येक नियमापुढं तो का आहे याची एक ओळ, असं सगळं मराठीत लिहून दिलंत. आमच्याकडं आजवर आलेला प्रत्येक जण अर्धी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून गेला. आता नवीन पोरगाही तो कागद वाचून फायरवॉलला हात लावतो, आणि लावायच्या आधी यादी बघतो.

दिवाळीनंतर गोकुळ शिरगावचं युनिट जोडायचंय. १०.३० चा पट्टा तुम्ही राखून ठेवलाय, वजनकाट्याची यादी मी करून ठेवलीय. यावेळी फी मात्र पूर्ण घ्यायची, असं मालकांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आपला,
आयटी बघणारा,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर