‘शिरेल्स’चं ते गाणं हलकंफुलकं नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातल्या पॉप गाण्यांच्या कव्हर आवृत्त्यांवर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाण्यावर, लेख आला होता. त्यातली बहुतेक निवड मला पटली. पण ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ (उद्या तू माझ्यावर प्रेम करशील का?) या गाण्यावरचा परिच्छेद वाचला आणि हे पत्र लिहायला बसले. अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंग यांनी 1971 साली ‘टॅपेस्ट्री’ या अल्बममध्ये गायलेलं तेच खरं गाणं, आणि ‘शिरेल्स’ या गायिकांच्या गटाने गायलेलं म्हणजे शाळकरी मुलींचं हलकंफुलकं गाणं, असा त्या परिच्छेदाचा सूर होता. हे गाणं मी कितीतरी वर्षं, कितीतरी गळ्यांतून ऐकत आले आहे. तो परिच्छेद तसाच सोडून पुढचं पान उलटणं मला जमलं नाही.

आधी एक दुरुस्ती. लेख वाचून असं वाटतं की हे किंग यांचं स्वतःसाठी केलेलं गाणं होतं आणि इतरांनी ते उचललं. झालं उलटं. चाल किंग यांची, शब्द त्यांचे तेव्हाचे पती जेरी गॉफिन यांचे, आणि गाणं केलं होतं ते ‘शिरेल्स’साठीच. 1960 सालची गोष्ट. किंग अठरा वर्षांच्या होत्या, त्याच मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली होती, आणि गॉफिन दिवसा रसायनांच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. किंग यांनी चाल टेपवर घालून ठेवली, गॉफिन रात्री घरी आल्यावर त्यांनी शब्द लिहिले. म्हणजे गाण्यातल्या मुलीच्या मनातली धास्ती एकवीस वर्षांच्या पुरुषाने लिहिली आहे. याचं मला दर वेळी नवल वाटतं आणि लेखात त्यांचं नावही नसावं याचं वाईट वाटतं.

न्यू जर्सीतल्या पॅसेइकच्या चौघी मुली म्हणजे ‘शिरेल्स’. मुख्य आवाज शर्ली ओवेन्स यांचा. त्यांना हे गाणं आधी आवडलं नव्हतं, फार ‘कंट्री’ (अमेरिकी ग्रामीण संगीताच्या) वळणाचं वाटलं होतं. मग त्यात व्हायोलिनं आली, आणि तो वाद्यमेळ किंग यांनीच बांधला. जानेवारी 1961 च्या अखेरीस ते ‘बिलबोर्ड हॉट 100’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला तिथे पोचता आलं ते पहिल्यांदाच.

आता मुद्द्याचं. मूळ गाण्याची लय चालती आहे, स्नेअर ड्रमचा ठेका सुरुवातीपासून पुढे ओढत राहतो, आणि मागे मैत्रिणी अर्थ नसलेली अक्षरं गात राहतात. लेखकाने हे सगळं ऐकलं आणि त्याला ‘हलकं’ म्हटलं. मला त्या ठेक्यात रात्र सरताना ऐकू येते. मुलीला आज, आत्ता, ठरवायचं आहे, आणि ठेका तिच्यासाठी थांबत नाही. तिचा प्रश्न साधा आहे: आज तू माझा आहेस, पण उद्या? त्या वर्षी अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला नुकतीच परवानगी मिळाली होती, पण अविवाहित मुलीच्या हातात ती सहज पडणारी नव्हती. चुकीच्या उत्तराची किंमत कोण मोजणार हे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. ओवेन्स हे अगदी सरळ गातात. मुरकी नाही, हुंदका नाही. आवाज जेमतेम सुरावर टेकलेला, किंचित कोरडा. रडू येत असताना माणूस मुद्दाम नीट बोलतो, तसा.

चालीतही एक जागा आहे. त्याच्या डोळ्यांतल्या प्रेमाच्या उजेडाचं वर्णन येतं तिथे, तोवर सुखात चाललेल्या स्वरमेळात अचानक एक परका सूर शिरतो आणि गाणं क्षणभर मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरमेळात, उतरतं. शब्द उजेडाचे आणि सूर शंकेचा. लगेच पुढच्या ओळीत प्रश्न येतो. धावत्या लयीत ही जागा इतक्या पटकन निघून जाते की दचकल्यासारखं होतं. लय संथ केली की तीच जागा लांबते, ऐकणारा तिची वाट बघू लागतो, आणि दचकणं संपतं.

कव्हरांची तुलना मी याच एका कसोटीवर करते. आवाज कुणाचा मोठा, वाद्यं कुणाची उंची, हे नंतर. प्रश्न अजून प्रश्न राहिला आहे का, हे आधी.

‘टॅपेस्ट्री’तलं गाणं मला प्रिय आहे, हे स्वच्छ सांगते. मूळ गाणं पावणेतीन मिनिटांच्या आत संपतं. हे चार मिनिटांच्या पुढे जातं. पियानोवर स्वतः किंग, आणि मागे गायिका जोनी मिचेल व गायक जेम्स टेलर यांचे आवाज. मैत्रिणींच्या जागी आता एक बाई आणि एक पुरुष, हा बदल फार सुंदर आहे. पण गाणारी बाई गॉफिन यांच्यापासून विभक्त होऊन दुसरं लग्न केलेली, दोन मुलींची आई आहे. ती त्या रात्रीकडे मागे वळून पाहते आहे. उद्या काय झालं हे तिला कळून चुकलं आहे, म्हणून तिच्या आवाजात भीती उरलेली नाही, समजूत आहे. हे मोठं गाणं आहे, फक्त ते वेगळं आहे. एकाला खरं ठरवायला दुसऱ्याला पोरकट म्हणण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी गायिका रॉबर्टा फ्लॅक यांनी ‘क्वाएट फायर’ या अल्बममध्ये ते आणखी विलंबित केलं. त्यांच्या आवृत्तीच्या नावात ‘स्टिल’ हा शब्दही आला: ‘अजूनही’ प्रेम करशील का? मूळ गाण्यात हा ‘अजूनही’ पहिल्या कडव्यात नाही, दुसऱ्यात येतो. म्हणजे एका कडव्याच्या अंतरात त्या मुलीचा धीर तेवढा खचलेला असतो. शीर्षकातच तो शब्द घातला की हा प्रवास कळत नाही. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांचीही आवृत्ती ‘स्टिल’वालीच. 2004 साली एका चित्रपटासाठी गायलेलं ते गाणं त्यांच्या मृत्यूनंतर, 2011 च्या डिसेंबरमध्ये, ‘लायोनेस’ या संग्रहात पुन्हा आलं. तो आवाज ऐकताना घशात दाटून येतं. पण पहिल्या ओळीपासूनच त्यांना उत्तर ‘नाही’ असं माहीत आहे, असं मला वाटतं. विसाव्या वर्षी इतकं माहीत असणं मला सोसवत नाही, म्हणून मी ते फार वेळा लावत नाही.

पुरुषांनीही गायलं: 1968 मध्ये ‘फोर सीझन्स’ हा गट, 1978 मध्ये डेव्ह मेसन, 1993 मध्ये ब्रायन फेरी. फेरी यांची आवृत्ती देखणी आहे. पण या तिघांपैकी कुणालाच सकाळी काही गमवायचं नाही, आणि ते ऐकू येतं.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. 1961 सालीच ‘मोटाउन’ या रेकॉर्ड कंपनीकडून ‘सॅटिनटोन्स’ नावाच्या पुरुष गायकांच्या गटाने या गाण्याला उत्तर म्हणून ‘टुमॉरो अँड ऑलवेज’ काढलं होतं. उद्याही आणि कायमच, असा निर्वाळा त्या पुरुषांनी दिला. तेव्हाच्या तबकड्या जमवणाऱ्यांपलीकडे ते आज कुणाला आठवत नाही. प्रश्न मात्र साठ वर्षं गायला जातो आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या यादीत किंग यांचा गायिका म्हणून समावेश झाला, तेव्हाही गायिका टेलर स्विफ्ट यांनी गायला हेच गाणं निवडलं.

‘शिरेल्स’ना तो मान 1996 साली मिळाला होता. आपल्या लेखात त्या चौघींपैकी एकीचंही नाव नव्हतं. पुढच्या पुरवणीत एवढी एक ओळ छापावी अशी विनंती करते: शर्ली ओवेन्स, डोरिस कोली, अ‍ॅडी हॅरिस, बेव्हर्ली ली.

आपली,
एक नियमित वाचक