खरडलेल्या जमिनीवर माती टाकण्याआधी वरचा उतार बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात पिकांबरोबर जमीनही नेली. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात काही अंशी तरी भरून निघते. खरडून गेलेली माती मात्र शेतकऱ्याच्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे अशा जमिनींसाठी शासनाने ऑक्टोबरमध्ये हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली, हे योग्यच झाले. परंतु ही रक्कम केवळ माती आणून पसरण्यावर खर्च झाली, तर ती माती एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा ओढ्यात जाईल, अशी मला भीती वाटते.

बालाघाटच्या उतारावर, ओढ्याच्या काठाला माझी पाच एकर जमीन आहे आणि त्यातील दीड एकरावर आज नुसता मुरूम दिसतो. एका एकरावर केवळ एक इंच जाडीचा थर द्यायचा म्हटले, तरी सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागते. सोयाबीनची मुळे नीट धरावीत म्हणून निदान अर्धा फूट थर हवा असेल, तर माझ्या दीड एकराला तीनशेहून अधिक ब्रास, म्हणजे साधारण तितक्याच ट्रॉल्या माती आणावी लागेल. इतक्या कष्टाने आणलेली माती जागेवर राहावी यासाठी, ती पहिल्यांदा वाहून कशामुळे गेली हे आधी पाहिले पाहिजे.

आमच्या शिवारात पाणी आले ते वरच्या माळावरून. तेथील गायरान उघडे पडले आहे, जुने दगडी बांध ढासळले आहेत, आणि खालच्या शेतांतील बांध आम्हीच वर्षानुवर्षे नांगराने कोरत आणले आहेत. ट्रॅक्टरला वळण सोपे पडते म्हणून उताराच्या दिशेने पेरणी करण्याची सवयही आम्हीच लावून घेतली. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला, तर तेच दहा लाख लिटर होते. मराठवाड्याच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे आणि त्याच्या भेगांत फारसे पाणी मावत नाही. म्हणून पावसाचा पहिला साठा मातीच्या थरातच व्हायला हवा. तो थर गेला की पावसाळ्यात पूर आणि फेब्रुवारीपासून टँकर, असे दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला येते.

जालना जिल्ह्यातील कडवंची गावाचे उदाहरण येथे देणे आवश्यक वाटते. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतर्गत, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, कामाची सुरुवात माथ्यावरून झाली: आधी डोंगरउतारावर चर, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि त्यानंतर नाल्यावरील बंधारे. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही ‘माथा ते पायथा’ हेच तत्त्व सांगितले गेले, पण माझ्या पाहण्यातील गावांत यंत्रे प्रामुख्याने नाल्यातच चालली. नाला खोल केल्याने वाहून आलेले पाणी साठते, मात्र शेतातून निघालेली माती थांबत नाही. उलट दोन-चार वर्षांत त्याच मातीने नाला भरतो.

तलावातील गाळाबाबतही तारतम्य हवे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही २०१७ पासूनची योजना खरडलेल्या जमिनींना निश्चितच उपयोगी आहे. परंतु चिकणमातीचा गाळ मुरमाड, हलक्या रानाला मानवतो, आधीच भारी असलेल्या काळ्या रानात तो जाड टाकला तर पाणी साचून जमीन चिबडते. शिवाय नुसत्या गाळाने जमीन जिवंत होत नाही. त्यात शेणखत मिसळून पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके पेरून गाडणे, आणि पुढे पिकांचे अवशेष रानातच कुजवणे, याला पर्याय नाही. माझ्या रानाच्या माती परीक्षण अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कर्ब) ०.४ टक्क्यांच्याही खाली आला होता, आणि तरीही मी दरवर्षी कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून देत होतो, याचे आज वाईट वाटते. गेली तीन वर्षे मी त्या बारीक करून रानातच टाकतो आणि सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने (रुंद वरंब्यावर पीक, दोन वरंब्यांमध्ये सरी) उताराला आडवे पेरतो. ओढ्याकाठचे दीड एकर पुराच्या लोंढ्यात सापडले, ते कशानेच वाचले नसते. वरच्या साडेतीन एकरांतील माती मात्र त्याच पावसात बहुतांशी जागेवर राहिली.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, खरडलेल्या जमिनीच्या कामाला मंजुरी देताना जमिनीच्या एकेका गट क्रमांकाचा वेगळा विचार न करता, त्याच्या वरच्या बाजूचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र एक धरावे, आणि गायरानावरील समतल (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) चर, दगडी बांधांची दुरुस्ती व शेतांची बांधबंदिस्ती ही कामे रोजगार हमीतून त्याच आराखड्यात आधी घ्यावीत. मजुरांच्या हाताला कामही त्यातच अधिक आहे. बांधाच्या हद्दीवरून भावकीत वाद असतात हे मला ठाऊक आहे. तेथे ग्रामसभेत तलाठी व कृषी सहायकांसमोर मोजणी करून हद्द ठरवावी लागेल. तलाव आटल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत गाळ उपसायला मिळतो, तेव्हा वरचे चर आणि बांध त्याआधीच पूर्ण व्हायला हवेत आणि त्यासाठी आराखडे उन्हाळा लागण्यापूर्वी मंजूर झाले पाहिजेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. भूम, जि. धाराशिव