पाहिलं तरी चालेल, टिपू नका

महोदय,

परवा लेकीबरोबर बाहेर जेवायला गेले होते. शेजारच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं बसलं होतं. आजोबांचा उजवा हात टेबलावर टेकला की थरथरायचा, पेला उचलायला पुढे झाला की थरथर जरा निवायची. एकतीस वर्षं परिचारिका म्हणून वॉर्डात काढली, त्यामुळे कंपवात असावा हे लगेच ध्यानात आलं.

पण मी पाहत राहिले ते आजींकडे. बोलता बोलता, हाताकडे न बघताच, त्यांनी आपला तळवा आजोबांच्या हातावर ठेवला. दाबून धरला नाही. नवखी माणसं थरथरता हात घट्ट आवळतात आणि पेशंटला वाटतं, आपल्याला थोपवताहेत. आजींचा तळवा नुसता टेकलेला होता. खालचा हात हलला की तोही हलायचा. असं मी कितीतरी शिकाऊ मुलींना शिकवलंय, पण इतकं सहज कुणाला जमलेलं पाहिलं नव्हतं. वेटर आला तेव्हा मात्र आजोबांनी हात चटकन मांडीवर घेतला. तो गेला आणि हात पुन्हा वर आला, पुन्हा त्याच तळव्याखाली.

एवढ्यात लेकीने मला खुणावलं. पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण फोन उभा धरून त्या दोन हातांचा व्हिडिओ काढत होता.

मी उठून त्याच्याजवळ गेले. "काकू, किती गोड आहेत ना ते! लोकांना खूप आवडेल," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, जो हात त्यांनी वेटरलासुद्धा दिसू दिला नाही, तो तू हजारो लोकांना दाखवणार?" त्याने फोन खाली ठेवला. व्हिडिओ पुसला का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चारचौघांत कुणी कुणाचा हात धरला तर बघू नये, असं मी म्हणत नाही. नजर जातेच, आणि बरंही वाटतं. सिडनी जुरार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कॅफेंमध्ये गप्पा मारणारी माणसं तासाभरात एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात ते मोजलं होतं. पोर्तो रिकोमधल्या सान हुआनमध्ये १८० वेळा, पॅरिसमध्ये ११०, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये २ आणि लंडनमध्ये एकदाही नाही. परक्यांची माया इतक्या बारकाईने पाहूनही त्यातून आपल्यापर्यंत आले ते नुसते आकडे. त्या टेबलांवर कोण बसलं होतं, कुणाचा हात कुणाच्या हातात होता, हे कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर असे व्हिडिओ आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. खाली हृदयाची चित्रं आणि "खरं प्रेम" असा मजकूर. त्यातल्या माणसांना कुणी विचारलं होतं का, असं आजवर एकानेही लिहिलेलं मी वाचलं नाही. मीही आधी दोन-चार पुढे पाठवले आहेत. आता पाठवत नाही.

हॉटेलचालकांना माझी विनंती आहे. दुसऱ्या टेबलावर कॅमेरा रोखलेला दिसला तर आपल्या माणसाने जवळ जाऊन हळूच सांगावं. पाटी लावायची गरज नाही, आवाज चढवायचीही नाही. माझ्यासारखीला दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन बोलताना पाय जड होतात. हॉटेलच्या माणसाचं लोक ऐकतात.

— एक निवृत्त परिचारिका