ग्रंथोत्सवाचे लेखक तलावाच्या पाळीवरही यावेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्य शासनाच्या वतीने दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो. पुस्तकांची दालने, ग्रंथदिंडी, परिसंवाद आणि कविसंमेलन असे त्याचे स्वरूप आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. गोंदिया जिल्ह्यातील ग्रंथोत्सवाचा निदान एक दिवस नवेगावबांधला व्हावा आणि त्या दिवशी लेखकांच्या भाषणांना जाणत्या गावकऱ्यांसोबतच्या शिवारफेरीची जोड मिळावी, ही विनंती संबंधितांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नवेगावबांधचाच आग्रह धरण्यास कारण आहे. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार हे राज्यातले पहिले ‘पुस्तकांचे गाव’ झाले. पुढे या योजनेचा विस्तार करताना शासनाने वेरूळ, पोंभुर्ले आणि अंकलखोप यांच्यासोबत आपल्या नवेगावबांधची निवड केली. ही निवड अतिशय योग्य होती, कारण दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात अनेक वर्षे काम केले आणि येथील ढीवर (मासेमारी करणारा समाज), गोंड व शेतकरी मंडळींकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची माहिती गोळा केली. सोलापूरच्या २००६ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या लेखकाचे शिक्षक या गावात आणि या जंगलात होते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांना क्वचितच ठाऊक असते. ती त्यांना सभागृहातल्या भाषणातून सांगता येईल, पण नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभे राहून सांगितली तर ती त्यांच्या कायमची लक्षात राहील.

भिलारची कल्पना ज्या गावावरून सुचली, ते वेल्समधील हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असून १९८८ पासून तेथे साहित्य महोत्सव भरतो. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरून जाणारी ऑफाज डाइक ही लांब पल्ल्याची पायवाट त्या गावातूनच जाते, त्यामुळे व्याख्यान ऐकून बाहेर पडलेला वाचक थोडे चालला की शेतात आणि टेकड्यांवर पोहोचतो. आपण तिकडून पुस्तकांच्या गावाची कल्पना घेतली, परंतु पुस्तकाला लागूनच असलेली ती पायवाट घ्यायची राहून गेली. नवेगावबांधला ती नव्याने तयार करण्याची गरज नाही. पाळ आहे, पाट आहेत, बांध्यांच्या (भातखाचरांच्या) धुऱ्यांवरून जाणाऱ्या वाटा आहेत आणि त्या वाटा पायाखालच्या असलेली माणसेही आहेत.

हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. त्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बांधून एवढे पाणी अडविणाऱ्या त्या लोकांजवळ उतार, माती आणि पाण्याचा जोर ओळखण्याची जी नजर होती, ती समजून घेण्यासाठी पाळीवरून सावकाश चालत जावे लागते. शेतीला पाणी सोडायचे तुडूम कोठे ठेवले, जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी सलंग कोठे काढला आणि तो तिथेच का काढला, हे सांगू शकणारी वयस्क माणसे आजही आपल्या भागात आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, पूर्व विदर्भातील असे हजारो तलाव शासनाच्या ताब्यात गेले, आणि पुढे त्यांतील अनेकांची पाणी वाटून घेण्याची व दुरुस्तीची जुनी गावरहाटी मोडली. परिसंवादासाठी विषय शोधणाऱ्या आयोजकांना याहून मोठा विषय कोणता हवा, हे मला खरोखर समजत नाही.

फेरीत काय पाहायला मिळेल, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. पावसाळ्यानंतर तलावाच्या उथळ काठाला देवधान पिकते. हे रानटी भाताचे झाड असून त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते. पिकलेल्या लोंबीला नुसता हात लागला तरी दाणे पाण्यात गळून पडतात, म्हणून ते विळ्याने कापून आणता येत नाही. लोंब्या हळूच टोपलीत झाडून घ्याव्या लागतात. नांगर न लावता उगवलेले म्हणून ते उपवासाला चालते. ढीवर समाजातील एखादी बाई ते कसे गोळा करते हे समोर पाहिलेल्या मुलाला पाणवनस्पती, मासे आणि पक्षी यांचा संबंध वेगळा शिकवावा लागणार नाही. आपल्याच तालुक्यात ढीवर स्त्री-पुरुषांनी काही तलावांतील बेशरम ही माजणारी वनस्पती उपटून काढली आणि तिच्या जागी स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामाची माहिती त्यांच्याच तोंडून, त्याच काठावर ऐकायला मिळाली, तर ती कोणत्याही नामवंत वक्त्याच्या व्याख्यानाइतकीच मोलाची ठरेल.

यासाठी दिवसही आयते उपलब्ध आहेत. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरला आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबरला येतो. या दोन तारखांमधील आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. याच सुमारास दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रांना, गावोगाव सुरुवात होते, दंडारी ही लोकनाट्ये होतात आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचे पडदे उघडतात. बाहेरगावी गेलेली मुले-माणसे घरी आलेली असतात. अडचण एवढीच की हलक्या धानाची कापणी तेव्हा जोरात असते, आणि परदेशी बदके पूर्ण संख्येने यायला अजून अवकाश असतो. म्हणून फेरी अगदी सकाळी ठेवून उन्हे चढण्यापूर्वी संपवावी, म्हणजे वाटाड्यांचा कामाचा दिवस बुडणार नाही. बदके कमी दिसली तरी तलाव भरलेला असतो, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या असतातच.

फेरीचे काही नियम मात्र सुरुवातीपासून काटेकोरपणे पाळावे लागतील. एका तुकडीत वीस-पंचवीसपेक्षा अधिक लोक नकोत, ध्वनिक्षेपक मुळीच नको, आणि घोषणा देत निघणारी दिंडी व ही फेरी यांची गल्लत होऊ देऊ नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पायी हिंडता येत नाही आणि येऊही नये. त्यामुळे गाव, पाळ, पाट आणि बांध्या एवढाच मार्ग वनविभागाशी आधी बोलून ठरवावा. ज्यांना फार चालवत नाही अशा ज्येष्ठ वाचकांसाठी पाळीवरचा छोटा सपाट टप्पा वेगळा राखता येईल. फेरीनंतर तिथेच झाडाखाली बसून लेखकाने आपल्या लेखनातील चार पाने वाचावीत, लोकांनी प्रश्न विचारावेत, आणि लेखक स्वतः त्या फेरीत सर्वांबरोबर चाललेला असावा. मागे एका साहित्यिक कार्यक्रमात स्वागत, सत्कार आणि प्रास्ताविक यांत सकाळ गेली आणि दुरून आलेल्या लेखकाला ‘वेळेअभावी थोडक्यात’ बोलायला सांगण्यात आले. ऐकायला आलेल्या मुलांचे चेहरे पाहून त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पाळीवर व्यासपीठच नसेल, तर तो वेळ आपोआप लेखकाच्या आणि वाचकांच्या वाट्याला येईल.

लेखक निवडतानाही केवळ पुण्या-मुंबईकडे पाहू नये. झाडीबोलीत कविता करणारे, झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटके लिहिणारे, गोंडी गीते संकलित करणारे लोक आपल्याकडे आहेत आणि ग्रंथोत्सवात त्यांना बहुधा कविसंमेलनाच्या शेवटच्या रांगेत जागा मिळते. ज्या गावाच्या शिवारातून आपण चालणार, त्या शिवाराच्या बोलीत लिहिणारा माणूस सोबत असणे मला अत्यावश्यक वाटते. बाहेरच्या नामवंतांनी जरूर यावे. पण त्यांनी आदल्या संध्याकाळी गावात मुक्काम करावा आणि सकाळी आपल्यासोबत चालावे.

वाटाड्यांच्या मानधनाचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्ञान गावकऱ्यांचे घ्यायचे आणि त्यांच्या हातावर चहा-नाश्ता टेकवून मोकळे व्हायचे, ही पद्धत या उपक्रमात शिरता कामा नये. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासव महोत्सवाच्या काळात पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि जेवतात, त्यामुळे कासवांच्या अंड्यांचे रक्षण करण्यात गावाला स्वतःचे हित दिसू लागले. नवेगावबांधलाही घरगुती मुक्काम, झाडीपट्टीचे जेवण आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा सहभाग यांतून गावाच्या हाती थोडेफार उत्पन्न यावे. फेरी नेणाऱ्याला लेखकाइतकेच मानधन मिळावे, आणि निमंत्रणपत्रिकेवर त्याचे किंवा तिचे नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच टायपात छापले जावे.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. मंडप, शाली आणि स्मृतिचिन्हे यांवरील खर्चात थोडी काटकसर केली तरी दोन-तीन सकाळच्या फेऱ्या सहज बसतील. जिल्हा ग्रंथालय कार्यालय, वनविभाग, ग्रामपंचायत आणि मच्छीमार संस्था यांची एक एकत्रित बैठक पावसाळा संपण्यापूर्वी व्हावी आणि तीत फेरीचा मार्ग, वाटाड्यांची नावे व मानधनाची रक्कम निश्चित करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. गावातून वाटाडे मिळवून देण्याच्या कामी मी व आमच्या वाचनालयातील मंडळी लागेल तितका वेळ द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक वाचक,
अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया