ओढायचा नाही!

काकू,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काकू. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळेलच.

गौरी आल्या त्या रात्री ठमी पहिल्यांदा ओकली. मी म्हटलं, केसांचा गोळा असेल, मांजरं ओकतातच. दुसऱ्या दिवशी पुरणाच्या गडबडीत तिनं आणखी चारदा ओकलं. आधी खाल्लेलं, मग पांढरा फेस, शेवटी पिवळं पाणी. मी तिच्यापुढे वाटीभर दूध ठेवलं आणि गौरींच्या नैवेद्याला लागले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

संध्याकाळी तुम्ही हळदीकुंकवाला आलात आणि पाटावर न टेकता सरळ कपाटाखाली वाकलात. "ओकताना पोट आत ओढतं का, की खाल्ल्या खाल्ल्या नुसतंच बाहेर पडतं?" मी बघतच राहिले. पोट न ओढता अख्खं अन्न घरंगळलं तर दुखणं बहुधा अन्ननलिकेचं, आणि लाळ गाळत, पोट आवळून ओकत असेल तर त्याच्या खालचं, हे तुम्ही मला कुंकवाचा करंडा हातात असताना शिकवलंत. केसांचा गोळा लांबुळका निघतो आणि मग मांजर मोकळं होऊन जेवायला येतं, हेही. ठमीच्या हिरड्या कोरड्या, चिकट लागत होत्या. अंगातलं पाणी आटलंय, म्हणालात.

मग तिला टॉवेलात गच्च गुंडाळून तुम्ही तोंड उघडलंत. जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, पांढरा दोरा. गौरींच्या गजऱ्याचा! आदल्या दिवशी मंडईतून आणलेली पुडी मी ओट्यावर उघडी ठेवली होती.

मी चिमटीत धरला. तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत, "ओढायचा नाही!" म्हणून ओरडलात. गौरींपुढे इतक्या मोठ्यानं आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं.

रिक्षात तुम्ही कारण सांगितलंत. एक टोक जिभेत अडकलेलं, दुसरं आतड्यात उतरलेलं. आतडं दोरा पुढे ढकलू बघतं, दोरा हलत नाही, मग आतडंच त्याच्यावर गोळा होतं, परकराच्या नाडीवर चुण्या पडतात तसं. ओढलं की तोच दोरा करवतीसारखा आतडं कापतो. एवढं बोलून तुम्ही लकडी पूल येईपर्यंत गप्प होतात. मग म्हणालात, "आमच्या बोक्याचा मीच ओढला होता."

त्यावर मला काही बोलता आलं नाही, काकू. आत्ताही येत नाही.

ढोलांच्या गर्दीतून दवाखाना गाठेपर्यंत पाऊण तास गेला. एक्स-रेत दोरा दिसला नाही, पण गोळा झालेलं आतडं दिसलं. सोनोग्राफीनं खात्री पटली. सलाइन लावून रात्रीच ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिभेखालचं टोक आधी कापून सोडवलं, मग आतडं दोन ठिकाणी उघडून दोरा काढला. आतडं अजून फाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "दोरा कुणी ओढला नाही ना?" मी तुमच्याकडे बघितलं.

पुढचे दिवसही तुमचेच. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलेली ठमी कशालाच तोंड लावेना. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचून तेच जिवावर बेततं, असं डॉक्टर म्हणाले होते. तुमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि तुम्ही आमच्या ओट्याशी उभं राहून, पदर नाकाला लावून, उकडलेलं चिकन बोटांनी कुस्करलंत. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. चमचाभर, दर तीन तासांनी. नंतर घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केलीत म्हणे. काका सांगत होते.

आता गजरे स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली असतात. शिवणाचं रीळ, राखीचे धागे, मिठाईच्या खोक्याची सुतळीसुद्धा. मुलगा हसतो. हसू दे.

राहिली तुमची ती झाकणाची टोपली, जिच्यातून ठमीला नेलं. परत द्यायला दोनदा निघाले होते, पण बाई तीतच झोपते, उठवलं तर गुरगुरते. तुमच्यासाठी बुरूड आळीतून नवी आणते. गौरींच्या आधी.

तुमची,
वरच्या मजल्यावरची